चिठ्ठी नसलेल्या गुंड्या

“त्या वर्षीच्या सूतकताई स्पर्धेत प्रभाकररावांनी कातलेले सूत बोर्डिंगमधील एका विद्यार्थ्याने मोहापायी लांबविले. सुताच्या गुंड्या त्याच्या पेटीत सापडल्या. उद्योगशिक्षक गुरुजींना विचारले असता ‘चिठ्ठीवाचून सूत कोणाचे हे सांगता येत नाही’ असे त्यांनी निःपक्षपातीपणे सांगितले. परंतु प्रभाकररावांनी आपले सूत अचूक ओळखले. शाळेने उदार मनाने प्रकरण वाढविले नाही व संबंधित विद्यार्थी स्वेच्छेने शाळा सोडून गेला. आपल्या शाळेत भेदभावाला कधीच थारा नव्हता.”

हा मजकूर आमच्या शाळेच्या स्मरणिकेतला आहे. गुळगुळीत कागद, रंगीत मुखपृष्ठ, आणि लेखाखाली संस्थेच्या माजी अध्यक्षांची, म्हणजे खुद्द प्रभाकररावांची स्वाक्षरी. स्वतःलाच ‘राव’ लावून लिहिलेला लेख मी आयुष्यात प्रथमच वाचला. यातले उद्योगशिक्षक गुरुजी म्हणजे माझे वडील. बोर्डिंगमधून ती पेटी उचलून हेडमास्तरांच्या खोलीत आणणाऱ्या दोघांपैकी एक शिपाई होता, तो वारला, दुसरा मी. तेव्हा या मजकुराबद्दल बोलण्याचा अधिकार आज हयात असलेल्यांत माझ्याइतका कोणाला नाही. यातल्या दोनच गोष्टी खऱ्या आहेत. गुंड्या त्या पेटीत सापडल्या, आणि माझ्या वडिलांनी ते वाक्य उच्चारले. बाकी सारे खोटे आहे, आणि वडिलांनी उच्चारलेले ते वाक्यही खोटेच होते.

माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअॅप समूहावर मी एवढेच लिहिले, तर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. एकाने लिहिले, ‘काका, एवढ्या वर्षांनी कशाला?’ दुसऱ्याने माझ्या प्रकृतीची चौकशी केली. माझी प्रकृती उत्तम आहे. चष्मा बदलून वर्ष झाले नाही. म्हणून समूहाचा नाद सोडून इथे सविस्तर लिहितो.

शाळा मोठी होती. वर्धा जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावांत एवढी मोठी शाळा दुसरी नव्हती असे आम्ही मानत असू. दगडी जोत्यावर इंग्रजी ‘यू’च्या आकारात वर्ग, मध्ये पटांगण, पटांगणाच्या टोकाला चिंच आणि चिंचेला टांगलेला रुळाचा तुकडा. तो वाजला की सेलूकडून येणारी सायकलवाली पोरे पायडल जोरात मारीत, आणि बाजाराच्या दिवशी म्हातारी माणसे त्यावर वेळ ओळखीत. पण माझ्या कानांत त्या शाळेचा जो आवाज उरला आहे तो रुळाचा नाही. आमच्या भागात त्या काळी प्रत्येक शाळेत सूतकताईचा तास असे. डाव्या मुठीत पिंजलेल्या कापसाचा पेळू, उजव्या चिमटीत टकळी, टकळीचे टोक करवंटीत. एका वर्गात चाळीसेक करवंट्या आणि त्यांत एकाच वेळी फिरणाऱ्या टकळ्या. बाहेरून ऐकले तर कुठेतरी भांडेभर पाणी उकळते आहे असे वाटे. धागा तुटला की त्या उकळीत एक खंड पडे, आणि माझे वडील पाठ वळवलेली असूनही कोणाचा तुटला ते नावाने सांगत.

वडिलांना गावात सगळे गुरुजी म्हणत, आईसुद्धा. शाळेच्या मागच्या अंगाला दोन खोल्यांचे क्वार्टर, हे आमचे घर. पहाटे उठून चहाच्या आधी ते अर्धा तास कातीत. आई चुलीपुढे, मी आणि माझ्या दोघी बहिणी अंथरुणात, आणि त्या करवंटीचा आवाज. जाग येण्याची आमची रीत ती होती. शनिवारी सकाळची शाळा सुटली की गोळाभात असे. आई भातावर डाळीच्या पिठाचे गोळे ठेवी, मोहरी-हिंगाची फोडणी कडकडून वरून सोडी, आणि तो चरचराट ऐकून वडील वर्गातूनच हात धुऊन आले असावेत इतक्या लवकर पाटावर बसत. नोकरी मात्र त्यांची कच्ची होती. दरवर्षी उन्हाळ्यात शाळा समितीने मान्यतेची सही केली तर पुढचे वर्ष. त्या समितीवर प्रभाकरचे, म्हणजे स्मरणिकेतल्या प्रभाकररावांचे, वडील होते, ज्यांचा कापसाचा जिनिंग कारखाना गावाच्या वेशीला होता. हे मी माझ्या वडिलांच्या समर्थनार्थ लिहीत नाही. वाचकाला ठाऊक असावे म्हणून लिहितो.

लेखातला ‘संबंधित विद्यार्थी’ म्हणजे शेषराव, समुद्रपूरकडच्या एका खेड्यातून आला होता. बौद्ध कुटुंबातला, बोर्डिंगात राहत असे. तो डावखुरा होता, आणि त्यासाठी त्याने बराच मार खाल्ला होता. मराठीच्या मास्तरांनी त्याचा डावा हात पट्टीने सुजवून त्याला उजव्या हाताने लिहायला लावले, आणि तो लिही, पण ते अक्षर बघून कोणालाही वाटावे की हा मुलगा मंद आहे. सूतकताईच्या तासाला मात्र वडिलांनी त्याचे पहिले दोन धागे पाहिले आणि म्हणाले, “त्याले डाव्यानंच फिरवू द्या. टकळीले का समजते हात कोनता हाय ते?” सबंध शाळेत डाव्या हाताने टकळी फिरवायची मुभा त्या एकट्याला होती. आणि मग आम्ही जे पाहिले ते आजही सांगता येत नाही. आम्ही कातत होतो. त्याच्या हातातून सूत येत होते. न तुटता, कुठे जाड नाही, कुठे बारीक नाही. मी वर्गनायक होतो आणि स्वतःला चांगला कातणारा समजत होतो. त्याच्या शेजारी बसायचे मी सोडून दिले.

संध्याकाळी तो आमच्या क्वार्टरवर येई. कातलेले सूत पाण्यात भिजवून ताणून वाळवले की पीळ पक्का बसतो, गुंडीला मऊपणा येतो. ही गोष्ट वडिलांनी वर्गात कोणालाच शिकवली नव्हती, ती त्यांनी त्याला शिकवली. दोघे अंगणात बादलीशी बसत. आई चहा देई. त्याचा कप वेगळा होता, कान तुटलेला, आणि तो ओसरीच्या कोनाड्यात राही. तो स्वतः धुऊन तिथे ठेवी. शाळेत भेदभावाला थारा नव्हता असे लिहिणाऱ्यांनी तो कप पाहिलेला नाही, मी पाहिला आहे, रोज पाहिला आहे, आणि माझ्या घरी पाहिला आहे. तेव्हा मला त्यात काही वावगे वाटले नव्हते, हेही इथे नोंदवतो, नाहीतर उद्या कोणी माझीही स्मरणिका काढील.

स्पर्धेची रीत अशी होती. दिवाळीनंतर दोन महिने प्रत्येकाने जमेल तेवढ्या गुंड्या, म्हणजे सुताच्या लडी, कातायच्या. प्रत्येक गुंडीला सुतानेच चिठ्ठी बांधायची, चिठ्ठीवर नाव वडिलांच्या अक्षरात, आणि गुंड्या कताईच्या खोलीतल्या कपाटात ठेवायच्या. वर्षभराचे वर्गातले सूत पेठेतल्या कोष्ट्याकडे विणायला जाईच, पण ज्याचे सूत उत्तम ठरेल त्याचा मान वेगळा. उभे सूत दुकानातले आणि आडवे सारे त्या मुलाचे, असे एक उपरणे तो विणी, आणि वार्षिक समारंभात ते पाहुण्यांच्या गळ्यात घातले जाई. आमच्या शाळेत कुस्तीच्या ढालीपेक्षा त्या उपरण्याचा मान मोठा होता. त्या वर्षी ते शेषरावचे असणार, याविषयी शेवटच्या बाकावरच्या पोरालाही शंका नव्हती.

गुंड्या देण्याच्या आदल्या दिवशी शेषरावने एक चूक केली, आणि ती आमच्या शाळेतल्या, आणि त्यातही माझ्या वडिलांच्या शिष्यानेच करावी अशी होती. त्याने आपल्या गुंड्या भिजवायला बोर्डिंगवर नेल्या. ओल्या सुतावर शाई पसरू नये म्हणून त्याने चिठ्ठ्या सोडून काढल्या. रात्रभर वाळवून सकाळी परत बांधू, असा त्याचा बेत. सकाळी पहिल्याच तासाला हेडमास्तर समितीच्या लोकांना घेऊन कताईची खोली दाखवायला आले, आणि प्रभाकरच्या वडिलांनी कौतुकाने विचारले, आमच्या चिरंजीवांचे सूत कोणते? कपाटात प्रभाकरच्या नावाची एकही गुंडी नव्हती. नसणारच. दोन महिने त्याने करवंटीत टकळीऐवजी चिंचोके फिरवले होते. पण बाप समोर, हेडमास्तर समोर, तो पांढरा पडला आणि म्हणाला, “होत्या. कोनी तरी नेल्या.” मी त्याला आजही खलनायक म्हणत नाही. पंधरा वर्षांचा घाबरलेला मुलगा होता. तो पुढे सत्तर वर्षांचा झाला तरी तेच सांगत राहिला, माझे भांडण त्या माणसाशी आहे.

झडती झाली. बोर्डिंगमधून शेषरावची पत्र्याची पेटी शिपायाने आणि मी आणली. उघडली तर आत पंच्यात गुंडाळलेल्या ओलसर गुंड्या, आणि एकीलाही चिठ्ठी नाही. प्रभाकरने एक उचलली आणि म्हणाला, ह्याच माझ्या. हेडमास्तरांनी शेषरावला विचारले, चिठ्ठ्या का काढल्या? तो मुळीच घाबरला नव्हता. हे मला सर्वांत जास्त आठवते. त्याच्या दृष्टीने घाबरण्यासारखे काही नव्हतेच. तो म्हणाला, “सूत भिजवाचं होतं सर. गुरुजीले विचारा ना.”

वडिलांना बोलावले. ते आले, टेबलावरच्या गुंडीवर त्यांनी बोट ठेवले. नुसते ठेवले, फिरवले नाही. प्रभाकरच्या वडिलांनी खुर्चीतून विचारले, “सांगा गुरुजी. तुमाले तर सारं समजते.” वडील म्हणाले, “चिठ्ठीवाचून सूत कोणाचे हे सांगता येत नाही.” शुद्ध मराठीत म्हणाले. घरात आणि वर्गात ते तसे कधी बोलत नसत.

शेषराव त्यांच्याकडे बघत राहिला. दुपारी त्याला बोर्डिंग सोडायला सांगितले. स्वेच्छा म्हणतात ती ही. संध्याकाळच्या एसटीने तो गेला. पेटी डोक्यावर होती, आणि वाटेत कोणी ती धरायला गेले नाही. मीही नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गनायक म्हणून गुंड्या घेऊन मला कोष्ट्याकडे पाठवले. आता त्यांना चिठ्ठ्या होत्या, प्रभाकरच्या नावाच्या, माझ्या वडिलांच्या अक्षरात. म्हातारा कोष्टी मागावर बसला होता, बायको खाली बसून आडव्या सुताच्या कांड्या भरत होती. तिने माझ्या गुंडीचे टोक दुसऱ्या सुताला पीळ देऊन जोडायचा प्रयत्न केला, जोड धरेना. तिने नवऱ्याकडे दिले. त्याने धागा चिमटीत धरला, उलटसुलट फिरवला, आणि माझ्याकडे पाहिले.

“गुरुजीच्या पोरा, हे सूत कोनाचं म्हनून आनलं?”

मी चिठ्ठी दाखवली. त्याने ती वाचली नाही. मला जवळ बोलावले. आधी दुकानातल्या सुताचा धागा माझ्या चिमटीत दिला आणि म्हणाला, उजवीकडे पीळ. तो आणखी घट्ट झाला. मग गुंडीतला धागा दिला. तो उजवीकडे पिळताच उकलत गेला आणि हातात कापसाची लव राहिली.

“उजव्या हाताचं सूत उजवीकडं घट्ट होते, पोरा. हे डाव्या हातानं कातेल हाय. तुमच्या शाळेतून असं सूत एकाच पोराचं येते, मी दोन सालापासून पाहून राह्यलो. थो काऊन नाई आला?”

त्याने खांदे उडवले. विणणे त्याचे काम होते, आणि शाळा त्याचे मोठे गिऱ्हाईक होते. “बापाले सांगजो,” एवढेच तो म्हणाला.

मी धावत घरी आलो. शनिवार होता. वडील पाटावर बसले होते आणि आई भातावर फोडणी सोडत होती. मी धाप टाकत सगळे सांगितले. कोष्टी काय म्हणाला, धागा कसा उकलला, शेषराव अजून परत येऊ शकतो, संध्याकाळची एसटी आहे, मी जातो. मला वाटत होते की मी त्यांना सुटकेची किल्ली आणून दिली आहे. आता त्यांना चिठ्ठीवाचून सांगता येईल.

वडिलांनी भातात खळगा केला आणि म्हणाले, “मले माईत हाये. तू जेव.”

मी जेवलो. हे वाक्य लिहायला मला पुष्कळ वर्षे लागली. मी ताट उधळले नाही, उपाशी उठलो नाही. गोळाभात चांगला झाला होता. त्या उन्हाळ्यात समितीने वडिलांची नोकरी पक्की केली, आणि ज्या दिवशी तो कागद आला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात पहाटेचा आवाज बंद झाला. वडिलांनी पुन्हा टकळी हातात घेतली ती फक्त वर्गात, पगारापुरती. आईने कोनाड्यातला कप कधी काढला ते मला कळले नाही. एक दिवस तो तिथे नव्हता.

समारंभाला आलेले पाहुणे आश्रमात राहणारे एक वृद्ध गृहस्थ होते. त्यांनी उपरणे गळ्यात घेतले, बोटांनी चाचपले, आणि मग काढून घडी करून हेडमास्तरांना परत दिले. असे एकसारखे सूत मी मुलांच्या हातचे पाहिले नाही, हे अंगावर वापरू नका, मुलांना दाखवायला जपून ठेवा, असे ते म्हणाले. म्हणून ते काचेच्या पेटीत गेले. म्हणून प्रभाकर पुढे जिथे जिथे उभा राहिला तिथे तिथे त्या उपरण्याच्या जोरावर उभा राहिला. स्मरणिकेच्या मधल्या पानावर त्या दिवशीचे छायाचित्र आहे. प्रभाकर टकळी फिरवण्याचा आव आणून हसतो आहे. टकळी त्याच्या उजव्या हातात आहे.

शेषराव मला एकदाच भेटला. समुद्रपूरच्या बसस्टँडवर, दोघांचेही केस पिकले होते. शाळा सुटली ती त्याची कायमची सुटली. बाजार समितीत हमाली केली, मग मुलाने घर बांधले, आता बरे आहे म्हणाला. वडील गेल्याचे मी सांगितले तेव्हा तो हळहळला, आणि ते मला फार जड गेले. मग त्याने विचारले, “मले एक सांग. गुरुजीले समजलं नसन, त्याईनं बोट फिरवूनच पाह्यलं नाई. पन तू सूत घेऊन कोष्ट्याकडं गेलता मने. तुले समजलं होतं का रे?”

माझी बस लागली होती. मी म्हणालो, “नाही.”

त्याने मान हलवली. “मंग ठीक हाय,” म्हणाला, आणि माझी पिशवी बसमध्ये चढवून दिली, डाव्या हाताने. दोन वर्षांनी तो गेल्याचे कळले. वडिलांवरचा त्याचा विश्वास मी मोडला नाही, असे मी काही काळ स्वतःला सांगत असे. ती पळवाट होती, आणि फार दिवस पुरली नाही. त्याला खरे सांगू शकणारा शेवटचा माणूस मी होतो.

आता शाळेविषयी. निम्म्या वर्गांना कुलपे आहेत. ज्यांना परवडते त्यांची मुले पिवळ्या बसने वर्ध्याला जातात, उरलेली इथे येतात. कताईची खोली म्हणजे मोडक्या बाकांचे कोठार आहे, आणि रुळाच्या जागी एक विजेची घंटा आहे जी वीज गेली की वाजत नाही. एवढी मोठी शाळा माझ्या डोळ्यांदेखत ओसाड होत आली, आणि ती जाताना मागे ठेवून चालली आहे ती स्मरणिका. मला याहून वाईट शेवट सुचत नाही.

ही स्मरणिका ज्या सोहळ्यासाठी निघाली त्यासाठी सभागृहाला रंग द्यायचा होता म्हणून गेल्या महिन्यात काचेची पेटी खाली उतरवली होती. मी गेलो. मनात धास्ती होती, ती लपवत नाही. इतकी वर्षे उराशी धरलेली गोष्ट माझ्याच म्हातारपणाने रचलेली निघाली तर? समूहावरचे लोक खरे ठरले तर? शिपाईबाई नवी होती. मी जुना विद्यार्थी आहे, पाहू दे, म्हटले. तिने काच बाजूला केली आणि पोछा मारायला निघून गेली. उपरणे पिवळे पडले आहे. दशांच्या लगतचा पहिला आडवा धागा सैल होता. तो मी वीतभर ओढून घेतला, खिडकीशी गेलो, चिमटीत धरला, आणि उजवीकडे पिळला.

तो उकलला.